आप्पांचे जाहीर आभार

कुणाला तपकिरीचं व्यसन असतं, कुणाला पत्त्यांचं. मला जाहीर आभार मानण्याचं होतं. चार माणसं जमलेली दिसली आणि त्यांत एखादा वरिष्ठ बसलेला दिसला, की माझा गळा आपोआप दाटून यायचा. सत्यनारायण असो, बदलीचा निरोप असो, साहेबांच्या मुलाची मुंज असो, मी उभा राहायचो, कोटाची बटणं चाचपायचो आणि "आज मी जो काही आहे, तो..." अशी सुरुवात करायचो. पुढे नाव कुणाचं घालायचं, ते समोर कोण बसलंय त्यावर ठरायचं.

ही विद्या मला आमचे हेडक्लार्क गोविंदराव यांनी दिली. नगरच्या मोजणी कचेरीत मी नुकताच लागलो होतो. लढाईचे दिवस होते. कॅम्पातले रणगाडे रस्त्यावरून गेले की टेबलावरची दौत थरथरायची, आणि त्या थरथरत्या दौतीवर हात ठेवून गोविंदराव मला उपदेश करायचे. "भालेराव, एकांतात मानलेले आभार वाऱ्यावर जातात. चारचौघांत मानले, की तो माणूस तुमच्याशी बांधला गेला. ह्याला मी घडवलं, असं पन्नास जणांनी ऐकल्यावर तो तुम्हाला पडू देईल होय? त्याचीच शोभा व्हायची!"

मला हे फारच पटलं. सर्कल इन्स्पेक्टरांचे आभार मानले, आणि लांबच्या कोरड्या गावांऐवजी नगरच्या आसपासची गावं मिळाली. बदलून जाणाऱ्या साहेबांचे मानले, तर त्यांनी जाता जाता माझ्याबद्दल चार ओळी लिहून ठेवल्या. असे पंचवीस-तीस जणांचे आभार मी आजवर मानले असतील, सगळे आधी ठरवून, आरशासमोर तालीम करून. अगदी मनापासून मानले ते एकदाच, आणि त्या आभारांनी एका माणसानं जन्मभर जपलेली एकच गोष्ट मोडली.

तो माणूस म्हणजे आप्पा साळवे.

आप्पा मोजणीदार होते. उंच, काटकुळे, धोतरावर खाकी कोट, डोक्यावर काळी टोपी, पायांत कॅनव्हासचे बूट. कोटाच्या वरच्या खिशात तीन पेन्सिली, टोकं वर. घर मिशनच्या आवाराला लागून. रविवारी चर्चमध्ये त्यांचा जाड आवाज बाकी सगळ्या आवाजांच्या खालून ऐकू यायचा. रविवारी काम नाही, हा त्यांचा नियम होता आणि तो साहेबांनाही माहीत होता.

कचेरीत मी पहिल्यांदा गेलो तो नव्या कोटात, चकचकीत बुटांत. आप्पा अंगणात गुडघ्यांवर बसले होते. तिथल्या फरशीत तांब्याचे दोन खिळे ठोकलेले होते, बरोबर तेहतीस फुटांवर. मोजणीची लोखंडी साखळी ते रोज सकाळी त्या दोन खिळ्यांमध्ये ताणून बघत. एखादी कडी उघडली असेल तर हातोडीनं मिटवत.

"रोज करता हे?" मी विचारलं.

"रोज."

"पण काल बरोबर असेल ना?"

"काल ती शेतात गेली होती." आप्पांनी मान वर केली नाही. "साखळी चालते तशी लांबते, भालेराव. माणसाची जीभही."

मला वाटलं, सहज बोलले. मग आठवलं, की त्याआधी दहा मिनिटं मी खिडकीत उभा राहून गोविंदरावांची स्तुती करत होतो.

पेन्सिलीच्या टोकावरून तर त्यांनी मला रडवायचंच तेवढं बाकी ठेवलं. मी काढलेला नकाशा उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "ही रेघ जाड आहे. ह्या जाडीत दोन हात जमीन गेली. कुणाची गेली ते सांगा, म्हणजे त्याला कळवू." आणि चाकू पुढे करायचे. पहिल्या महिन्यात मी नकाशे काढले त्यापेक्षा पेन्सिली जास्त तासल्या.

पण आप्पा बघावेत ते शेतात. बारा वाजले की ते बांधावर बसून भाकरी खात, अगदी बांधावर, जो मोजायचा त्याच्यावरच. एक पाय ह्याच्या शेतात नाही, एक पाय त्याच्या शेतात नाही, दोन्ही पाय मांडीखाली. मग गंमत व्हायची. ज्या दोघांचा वाद, ते सकाळपासून एकमेकांकडे पाठ करून उभे असत. आता आप्पा मध्ये बसलेत म्हटल्यावर एक ह्या बाजूला टेकायचा, दुसरा त्या बाजूला. आप्पा खाता खाता एकदा इकडे बघून विचारायचे, "ज्वारी कशी आली?" आणि एकदा तिकडे बघून, "मुलगी दिली का कुठं?" भाकरी संपेपर्यंत दोघंही त्यांच्याशी बोलत असायचे, आणि क्वचित एकमेकांशीसुद्धा.

पाणी मात्र ते कुणाचं पीत नसत. फिरकीच्या झाकणाचा तांब्या घरून भरून आणायचे. मोजणीदारानं कुणाच्या घरचं पाणी पिऊ नये, हा त्यांचा कडक नियम, असं सगळे कौतुकानं सांगत. मीही सांगायचो. एकदा परतताना मोटारीत मी म्हणालो, "आप्पा, तुमचा हा पाण्याचा नियम फार थोर."

आप्पा बाहेर बघत होते. "त्या गावांत माझ्या आजाला विहिरीच्या काठाशी उभं करत नसत, भालेराव. आम्ही धर्म बदलला, विहिरींना कुणी कळवलं नाही. तांब्या जवळ असला म्हणजे त्यांना नाही म्हणावं लागत नाही, आणि मला ऐकावं लागत नाही. नियम आपला मागाहून तयार झाला." इतकं बोलून त्यांनी तांब्याची फिरकी घट्ट केली.

एका गावी पाटलानं बेत केला. मोजणीच्या आधी चावडीत सतरंजी, नारळ, झेंडूचा हार. "साळवे भाऊसाहेबांचे ह्या गावावर लई उपकार हायत," असं भाषण सुरू झालं. मी खुशीत पुढे सरकलो, कारण हार दोन होते. आप्पांनी हात वर केला. "पाटील, मोजणी झाल्यावर द्या."

"तवाबी देऊ की!"

"नाही देणार. मोजणी झाल्यावर कुणी देत नाही. दोघांनाही थोडं कमीच मिळालंय असं वाटतं. तसं वाटलं, की मी समजतो रेघ बरोबर पडली." आणि वाटेत मला म्हणाले, "वैद्याचे आभार मानावेत, मास्तराचे मानावेत. मोजणीदाराचे मानले, की बांधापलीकडचा दचकतो. त्याला वाटतं, ह्याला काहीतरी मिळालंय, आणि ते माझंच असणार."

हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

आता माझा पराक्रम सांगतो. तिसगावच्या पुढे एक गाव आहे. तिथे भागूबाई म्हणून एक विधवा आणि तिचा दीर रखमाजी, यांच्या शेताची वाटणी करून मध्ये दगड बसवायचा होता. काम माझ्याकडे आलं, एकट्याकडे. मी रुबाबात गेलो. रखमाजीची बाजू मोजून झाली आणि साखळीवरून एक बैलगाडी गेली. दोन कड्या निखळल्या. मी त्या खिशात टाकल्या, तुटलेली टोकं एकमेकांत अडकवली आणि भागूबाईची बाजू मोजली. साखळी चार बोटं आखूड झाली होती. प्रत्येक वेळी ती टाकली की बाईची चार बोटं जमीन कमी होत होती. शेताच्या टोकाला पोचलो तोवर तीन हात रुंदीची पट्टी दिराकडे गेली होती आणि मी दगड बसवून, दोघांचे अंगठे घेऊन, शीळ घालत परत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी साखळी खिळ्यांवर टाकली. ती पोचेना.

"कुठं तुटली?"

मी सांगितलं.

"कुणाची बाजू मोजून झाल्यावर?"

तेही सांगितलं. नोकरी अजून कच्ची होती, आणि तेव्हाच्या साहेबांनी याहून लहान चुकीवर एकाला घरी पाठवलं होतं. आप्पांनी साखळी खिळ्यांवरून उचलली. नियमानं त्यांनी वर कळवायला हवं होतं. ते म्हणाले, "रविवारी पहिल्या मोटारीनं जाऊ."

"रविवारी? तुमची उपासना?"

"देव समजून घेईल. रखमाजी नाही घेणार."

तीन रविवार गेलो. पहिल्या रविवारी मोजलं, दुसऱ्या रविवारी दगड हलवला, तिसऱ्या रविवारी दुसरी साखळी नेऊन पुन्हा मोजलं. दगड हलवला तेव्हा रखमाजी खवळला. "भाऊसाहेब, दगड माज्याकडं सरकला की!"

"सरकला नाही. जागेवर आला," आप्पा म्हणाले.

रखमाजीनं दगडाकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुमी म्हनता म्हंजी झालं."

ही आप्पांची मिळकत होती. भांडायला उठलेला माणूस ते म्हणतात म्हणून खाली बसायचा.

माझा जुना नकाशा त्यांनी फाडला, नवा काढून माझी सही घेतली. "आजवर मी कागद बदलला नव्हता," ते म्हणाले. "कुणाला सांगू नका. मलाही पुन्हा सांगू नका."

"आप्पा, तुमचे आभार मी—"

"पाटलाचा हार आठवतो ना?"

चर्चमध्ये तीन रविवार त्यांची जागा रिकामी राहिली. पाळकांनी विचारलं तेव्हा "काम होतं" एवढंच म्हणाले. त्या वर्षी चर्चच्या पंचमंडळात त्यांचं नाव आलं नाही.

पुढे पाचेक वर्षांत मी परीक्षा दिली आणि निमतानदार झालो, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या मोजण्या तपासणारा. माझी साखळी आठवा, आणि हसा. कचेरीत समारंभ झाला. नवे जिल्हा साहेब आले होते. गोविंदरावांनी शोभेसाठी दोन वकीलही बोलावले होते. कुणाचे आभार कोणत्या क्रमानं, याची चिठ्ठी माझ्या खिशात होती. मी फार सुंदर बोललो. साहेब झाले, सर्कल झाले, गोविंदराव झाले. चिठ्ठी संपली. बसणार, तेवढ्यात शेवटच्या रांगेत आप्पा दिसले.

आणि माझा गळा दाटला. खरोखरीचा. मी घाबरलोच, कारण याची तालीम केलेली नव्हती.

मी सगळं सांगितलं. तुटलेली साखळी, भागूबाई, तीन रविवार, रिकामी जागा. "एका नवख्या पोराची नोकरी वाचावी म्हणून ह्या माणसानं आपला देव तीन रविवार वाट बघत ठेवला, नकाशा पुन्हा काढला, आणि आजतागायत कुणाला कळू दिलं नाही!" इथे मी दोन क्षण थांबलो. थांबण्यात माझा हातखंडा होता. टाळ्या कडाडल्या. साहेबांनीही वाजवल्या. मग त्यांनी हसतच विचारलं, "कुठलं गाव हो हे?"

मी रंगात होतो. गाव सांगितलं आणि वर सर्व्हे नंबरही सांगितला.

तिसऱ्या रांगेतल्या एका वकिलानं तो लिहून घेतला. आप्पा टाळ्या वाजवत नव्हते. ते खिशातल्या पेन्सिली एकेक काढून, टोकं खाली करून, परत ठेवत होते.

आठवडा गेला नाही तोच रखमाजीचा अर्ज आला: बाईच्या सांगण्यावरून मोजणीदारानं मागाहून दगड हलवला आणि कागद बदलला. मग दुसऱ्या गावातून एक अर्ज, तिसऱ्यातून एक: साळव्यांनी मोजलेलं सगळं पुन्हा मोजा. जे इतकी वर्षं गप्प बसले होते, त्यांना एकाएकी आपला बांध वाकडा दिसू लागला.

गोविंदरावांनी कपाळावर हात मारला. "अहो, आभार मानताना कारण सांगायचं नसतं! आज मी जो काही आहे, एवढ्यावर थांबायचं असतं!"

आप्पांवर चौकशी लागली. तिच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. पायरीवर बसून ते पेन्सिल तासत होते. मी म्हणालो, "मी सांगतो साहेबांना, भाषणाच्या भरात मी रचलं. असं काही घडलंच नाही. माझ्यावर विश्वास बसेल, मी तसा माणूस आहे."

"आहातच," आप्पा म्हणाले. पहिल्यांदाच थोडं हसले. "पण मग उद्या भागूबाईचा दगड खोट्यावर उभा राहील. आत्ता तो खऱ्यावर आहे, फक्त कागद चुकीच्या वाटेनं गेला. एवढं मी कबूल करीन."

"आप्पा, माझ्यामुळे—"

"तुम्हाला पाच वर्षं गप्प बसायला जमलं. मला वाटलं होतं, दोनच जमतील."

चौकशीत त्यांनी सगळं कबूल केलं. माझ्यावर काही आलं नाही. नवखा होता, खरं बोलला, असा शेरा पडला, आणि तो मला अजून टोचतो. आप्पांना शेतात जायची बंदी झाली. उरलेली दोन वर्षं ते रेकॉर्डच्या खोलीत जुने नकाशे नीट लावत बसले. सकाळी अंगणात मी साखळी तपासू लागलो, की खोलीच्या दारात येऊन उभे राहायचे. साखळी पोचली, की आत जायचे.

ते निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी विचारलं, निरोपाचा समारंभ करू या का. आप्पा म्हणाले, "नको. भालेराव बोलतील."

रखमाजीच्या अर्जावर हुकूम निघायलाही तेवढीच दोन वर्षं लागली. साहेबांनी मलाच पाठवलं. "तुमचीच घाण, तुम्हीच निस्तरा." मी गेलो. त्या सकाळी साखळी तीनदा तपासली होती. गावात पोचलो तर बांधावर आप्पा. कुणी बोलावलं नव्हतं. त्यांच्या एकूण एक रेघांवर अर्ज पडले होते, आणि त्यांतली पहिली आज मोजली जाणार होती.

मी मोजलं. दोन्ही बाजू, दोनदा. आप्पांनी बसवलेला दगड तसूभर इकडे नाही, तसूभर तिकडे नाही. मी वही उंच धरून म्हणालो, "रेघ बरोबर आहे! साळव्यांची रेघ बरोबर आहे!"

रखमाजी शांतपणे म्हणाला, "भाऊसाहेब, तुमी पन्नास मान्सांत ह्येंचं उपकार मानलं. वकिलानं समदं सांगितलंय मला. आता ह्येंची रेग चुकली आसं तुमी म्हननार व्हय? जलमात न्हाई. मला तिऱ्हाईत मानूस पायजे."

"अरे, पण मोजलं की तुझ्यासमोर!"

"त्या टायमालाबी माज्यासमोरच मोजलं हुतं."

सगळ्या जिल्ह्यात आप्पांची रेघ बरोबर आहे हे छातीठोक सांगू शकणारा मी एक माणूस, आणि माझाच शब्द निरुपयोगी. मी त्यांचा आहे, हे मीच सगळ्यांना ओरडून सांगितलं होतं.

मी वहीत लिहिलं, "हरकत घेतली. तिऱ्हाइताकडून मोजावे." तसंच झालं. तीन महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्यातून एक मोजणीदार आला. आप्पा साळवे कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं मोजलं आणि दगड आहे तिथेच बरोबर ठरवला. कागदावर आप्पांचं नाव कुठेच आलं नाही. आप्पा तेव्हा लेकीकडे मनमाडला राहायला गेले होते. मी चार पानं पत्र लिहिलं. उलट टपाली कार्ड आलं, बारीक टोकाच्या पेन्सिलीनं एकच ओळ: "त्याने साखळी तपासली होती का, ते कळवा."

मी कळवलं. त्याला उत्तर आलं नाही, आणि आप्पा पुन्हा नगरला आले नाहीत. म्हणून मला ते दिसतात ते त्या दिवशीचे, त्या बांधावर.

बारा वाजले होते. आप्पांनी भाकरी सोडली. सवयीनं बरोबर बांधाच्या मध्यावर बसले होते. भागूबाई आपल्या बाजूला येऊन टेकली. रखमाजी लांब, माझ्याजवळ उभा राहिला. आप्पा खाता खाता एकदा इकडे वळले, "बाजरी कशी आली?" म्हणून तिला विचारलं. मग सवयीनंच तिकडे वळले. तिकडे कुणी नव्हतं. त्यांनी तोंड मिटलं.

भागूबाई उठली. झाडाखालच्या आपल्या घागरीतून तांब्या भरून आणला आणि पुढे केला. "घ्या भाऊसाहेब. आता काय तुमी सरकारी न्हाई."

त्या गावांत इतक्या वर्षांत त्यांना हे पहिल्यांदा कुणी विचारलं असेल. आप्पांनी तिच्या हातातल्या तांब्याकडे पाहिलं. मग बांधाच्या दुसऱ्या, मोकळ्या बाजूकडे पाहिलं.

"निकाल लागू दे, बाई," ते म्हणाले. "मग पिईन."

आपल्या तांब्याची फिरकी त्यांनी उघडली, दोन घोट घेतले, फिरकी लावली आणि उठले. मोटारीच्या रस्त्याकडे निघाले ते बांधावरूनच, पावलापुढे पाऊल टाकत, ह्या शेतात नाही की त्या शेतात नाही. माझ्या तोंडात हाक आली होती. अगदी ओठांपर्यंत. रखमाजी माझ्याकडे बघत होता.

मी खाली बसलो आणि साखळी गोळा करू लागलो.